पिशवीला वर्ग ‘ब’

मेथी, मटार आणि घेवड्यासाठी जरूर घ्या. टोमॅटोच्या आशेने घेऊ नका. पुरंदर तालुक्यातून दर शनिवारी पुण्यात आमच्याकडे येणाऱ्या भाजीच्या पिशवीबद्दल कुणी घाईत विचारलं तर मी एवढंच सांगते. ज्यांना घाई नाही, आणि पैसे आगाऊ द्यायचे म्हटल्यावर ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी पुढचं लिहिते आहे. माझी उभी नोकरी सहकार खात्यात, लेखापरीक्षणात गेली. त्यामुळे भाजी निवडता निवडता माझं लक्ष देणाऱ्याच्या वहीकडे जातं. ती खोड आता या वयात जायची नाही.

पिशवीवर नाव नाही. नाव ठेवायची बैठक झाली ती भांडणात संपली, असं शनिवारी टेम्पो घेऊन येणारा मुलगा हसत हसत सांगतो. जाड कापडी पिशवी, आत हाताने लिहिलेली चिठ्ठी, रिकामी पिशवी पुढच्या शनिवारी परत. कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि सिंहगड रोडचा थोडा भाग, एवढ्यातच येतात. औंध-बाणेरच्या माझ्या नणंदेने फार गळ घातली, तरी नाही म्हणाले; डिझेल परवडत नाही. पिशवीचे ३८० रुपये, आणि तेरा आठवड्यांचे ४,९४० एकदम आधी भरायचे. साधारण पाच किलो माल असतो: दोन जुड्या पालेभाजी, तीन फळभाज्या, मुळा-बीट-रताळ्यापैकी काहीतरी, आणि वर मिरच्या, कढीपत्ता, कधी दोन लिंबं. काय मिळणार ते आपण ठरवायचं नाही. शेतात जे निघेल ते येतं. फक्त एक भाजी ‘नको’ म्हणून लिहून द्यायची मुभा आहे.

आता ही मंडळी कोण. मार्च २०२० मध्ये राज्यातला पहिला करोनाचा रुग्ण पुण्यात सापडला आणि महिना संपायच्या आत सगळं ठप्प झालं. त्या वर्षात ज्यांची रोजीरोटी गेली त्यांच्यातले हे काहीजण. एक मंगल कार्यालयाचा मॅनेजर, एक टुरिस्ट गाडी चालवणारा, भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमधला फिटर, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एक बाई, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी. गाडीवाल्याच्या आईच्या नावावर सासवडच्या पुढे चार एकर आणि एक विहीर. भाऊबंद शहरात, जमीन निम्मी पडीक. गाडीचे हप्ते थकले तसा तो गावी गेला आणि ओळखीच्या, घरी बसलेल्या माणसांना म्हणाला, या, निदान खायला तरी पिकवू. पुढे लग्नकार्यं सुरू झाली, शाळा उघडल्या, तसे काही परत गेले. नंतर हिंजवडीत नोकऱ्या कमी व्हायला लागल्या तेव्हा तिकडचे तिघे-चौघे आले. त्यातला एक अजूनही टिकून आहे. बाकीच्यांना मुलाखतीचे फोन आले की ते खुरपं टाकून गेले, असं फिटर सांगतो, पण रागाने नाही. जाणाऱ्याचा हिशेब पंधरा दिवसांत चुकता होतो. मी विचारलं होतं, आणि चुकत्या केलेल्या हिशेबांच्या सह्या पाहिल्यासुद्धा.

भाजीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण पैसे आपण तिचे देतो. मेथी लहान पानाची, मुळासकट, मुळांना माती. निवडायला वेळ लागतो, पण कडवटपणा असा की नुसत्या लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतली तरी भाकरी संपते. थंडीतला मटार अप्रतिम. पुरंदरचा मटार पुण्यात प्रसिद्ध आहेच, पण मंडईत येईपर्यंत तो एक रात्र गोणीत काढतो आणि तेवढ्यात त्याची गोडी उतरते. इथे शुक्रवारी संध्याकाळी तोडलेला शनिवारी दुपारी सोलायला घेता येतो. आमच्याकडे सोलता सोलता पाव हिस्सा पातेल्यापर्यंत पोचत नाही, त्याला जबाबदार ‘हे’. घेवडा कोवळा, शिरा न काढता मोडता येतो. चाकवत, चुका, राजगिरा, हादग्याची फुलं असल्या भाज्या, ज्या आता दारावरच्या गाडीवर दिसतच नाहीत, त्या यांच्याकडून मिळतात. शेजारच्या तरुण जोडप्याला चाकवताचं काय करायचं हे माहीत नव्हतं. त्यांना ताकातला चाकवत शिकवला, तेव्हापासून त्यांचा चाकवत आमच्याकडे येणं बंद झालं.

वांगी मात्र धड नाहीत. चार चिरली की एकात अळी निघते. भरली वांगी करायची तर आधी प्रत्येक वांगं उघडून बघावं लागतं, आणि पाहुणे येणार असतील तर मी सरळ मंडईत जाते. टोमॅटो पावसाळ्यात करप्याने जातो, म्हणजे श्रावणात आपल्याला टोमॅटो हवा तेव्हाच यांच्याकडे नसतो. भेंडी कधी कोवळी, कधी इतकी जून की देठ सुरीला दाद देत नाही. आणि शेपू! एका हिवाळ्यात ओळीने इतका शेपू आला की आमच्या इमारतीत जिन्यावर वास येत होता. शेपू लवकर येतो, कमी पाण्यात येतो आणि नवख्याच्या हातूनही येतो, हे मला नंतर कळलं. म्हणजे ज्या आठवड्यात शेपू जास्त, त्या आठवड्यात शेतावर काहीतरी बिनसलेलं आहे असं समजावं.

दराचं म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीत मंडईत मेथी दहा रुपयांना जुडी असते तेव्हा ही पिशवी डोळ्यांत खुपते. मे-जूनमध्ये तीच जुडी तिप्पट-चौपट होते तेव्हा हीच पिशवी स्वस्त वाटते. मी एका तिमाहीचा ताळा मांडला. मंडईपेक्षा थोडी महाग, घरपोच आणून देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांच्या जवळपास. स्वस्त म्हणून घेणार असाल तर पालिकेच्या मैदानांवर भरणारे शेतकरी आठवडे बाजार आहेतच. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याला गुलटेकडीच्या घाऊक बाजारातल्या गाळ्याची पायरी न चढताही शहरात माल विकता येतो. ही पिशवी आपल्या दारापर्यंत येऊ शकते तीही त्या निर्णयामुळे. त्याआधी असा टेम्पो नाक्यावर अडवला जायची भीती होती.

‘सेंद्रिय’ हा शब्द ते वापरत नाहीत. मला याचंच पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, कारण हल्ली पुण्यात धुतलेला मुळासुद्धा सेंद्रिय असतो. त्यांचं म्हणणं सरळ आहे: प्रमाणपत्र नाही, म्हणून म्हणत नाही. शेण-गोमूत्राचं जीवामृत करतात, झाडपाल्याचा दशपर्णी अर्क फवारतात, आणि टोमॅटो-वांग्यावर रासायनिक फवारा मारावाच लागला तर कशाचा मारला आणि तोडणीच्या किती दिवस आधी, ते चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठीवर हेही असतं की पिशवीतलं काय दुसऱ्याच्या रानातलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मीठ्या बहराचे अंजीर येतात तेव्हा ‘अंजीर शेजारच्या बागेतले, आम्ही विकत घेऊन देतो’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अंजीर खाताना त्या ओळीमुळे चव काही कमी झाली नाही.

पाण्याचं मी खोदून विचारलं. तुम्हीही विचारा. पुरंदर उपसा सिंचन योजना मुळा-मुठेचं पाणी उचलून त्या कोरड्या तालुक्यात नेते, म्हणजे आपण पुणेकर जे सांडपाणी नदीत सोडतो त्याचाच काही भाग डोंगर चढून तिकडे जातो. त्यावर वाढलेली कोथिंबीर कच्ची खायची माझी तयारी नाही. त्यांनी रविवारी या आणि बघा म्हटलं. ग्राहकाला रविवारी शेतावर जायची मोकळीक आहे. आम्ही दिवे घाट चढून गेलो. पालेभाजीचे वाफे विहिरीवर आणि अस्तर घातलेल्या शेततळ्यावर, ठिबकने. उपशाचं पाणी येतं तेव्हा ते फक्त बांधाकडच्या सीताफळांना. पाइपलाइन कुठून कुठे जाते ते मी चालत जाऊन पाहिलं. ‘हे’ तोवर सीताफळाच्या झाडाखाली बसून व्हॅनवाल्या बाईंशी शाळांच्या फियांवर बोलत होते.

शेतावरच्या खोलीत एका लाकडी खोक्यावर तीन वह्या होत्या: हजेरीची, मालाची, पैशाची. हजेरीची वही उघडली आणि मी तिथेच बसले. शहरातून आलेल्या माणसांच्या शेतात सगळ्यात आधी वाद होतो तो कुणाचं काम जास्त यावर. फोनवर ऑर्डर घेणारी म्हणते माझं डोकं चालतं, खुरपणारा म्हणतो माझी कंबर मोडते. यांनी तो वाद आकड्यात मिटवला आहे. सगळ्यांचा तास सारखा. अपवाद दोन: भर उन्हातली खुरपणी आणि रात्रीचं पाणी. शेतीपंपाची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की कुणाला तरी बॅटरी घेऊन वाफ्यावर उभं राहावं लागतं. हे दोन्ही तास दीडपट. महिनाअखेरीला खर्च वजा जाता जे उरेल ते तासांच्या प्रमाणात वाटतात. गावातल्या ज्या बायका खुरपायला, तोडणीला येतात त्यांची मजुरी मात्र त्याच संध्याकाळी रोख. ती वाटपाची वाट बघत नाही. त्या बायकाच यांच्या खऱ्या गुरू. वाफसा, म्हणजे जमिनीत कामाजोगी ओल, आला की नाही हे टेस्टिंगवाली मुलगी अजून त्यांनाच विचारते, आणि विचारते हे कबूल करते.

वाटप किती होतं? मी आकडा पाहिला, इथे लिहिणार नाही, तो त्यांचा आहे. कोथरूडात भाड्याने राहणाऱ्याचं घर त्यात चालणार नाही एवढं सांगते. कुणाची बायको नोकरी करते, कुणी आठवड्यातून तीन दिवस अजून गाडी चालवतो. ज्यांना वाटतं की नोकरी गेली की शेती करू, त्यांनी भाजी घ्यायच्या आधी ही वही बघावी.

सहकारी संस्था म्हणून यांची नोंदणी नाही. त्यांना करायची होती, नोंदणीला लागणारे दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले दहाजण जमलेही होते. पण आपल्याकडे कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, याचं कलम ६३ आहे. जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन ना विकत घेता येते, ना भाडेपट्ट्याने. फिटरच्या नावावर सात-बारा नाही, टेस्टिंगवालीच्या नाही, मॅनेजरच्या आजोबांचा होता तो त्यांनीच विकला. म्हणून व्यवस्था अशी: शेती गाडीवाल्याच्या आईची, आणि माल उचलून निवडणं, भरणं, पोचवणं हा बाकीच्यांचा भागीदारीचा धंदा. कागदावर सहकार कुठेच नाही, वागण्यात आहे. आमच्या खात्यात नेमकं उलटं बघायची सवय होती.

आणि खरं सांगायचं तर जमीन एकत्र करून शेती करणं महाराष्ट्राला कधी मानवलं नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो चालला, कारण ऊस ज्याच्या त्याच्या रानात होता आणि सामाईक होता तो कारखाना. दूध तसंच, पतपेढ्या तशाच. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला, तेव्हा काँग्रेसच्याच चरणसिंहांनी त्याला उघड विरोध केला आणि बांध मोडायला शेतकरीही फारसे पुढे आले नाहीत. परदेशातही वेगळं नव्हतं. १९२९ नंतरच्या मंदीत, १९३३ साली, अमेरिकेत मिशिगनमध्ये शहरांतल्या ज्यू कामगारांनी सनराइज नावाची सामाईक शेती काढली. काही हजार एकर जमीन, आणि काही वर्षांत गाशा गुंडाळला. अ‍ॅरिझोनात कासा ग्रांदे इथे तर सरकारनेच गरीब कुटुंबांना सहकारी शेती काढून दिली होती. शेती बरी चालली असतानाही सत्तेच्या ओढाताणीत ती मोडली. प्रशिक्षणाच्या काळात हे वाचलं होतं तेव्हा लांबचं वाटलं. नंतर कितीतरी संस्थांचं दप्तर तपासताना तेच दिसलं: तोट्याने बुडालेल्या थोड्या, आणि कुणी किती केलं याची नोंद नाही म्हणून भांडणात बुडालेल्या जास्त. म्हणून त्या दीडपट तासाच्या रकान्यावर मी इतकी थांबले. या गटाकडे चार एकर आहेत, भांडवल नावालाच आहे, पण तो रकाना आहे.

आता उणिवा. गाडी दुपारी एकपर्यंत येणार म्हणतात आणि तीनला येते. फोन केला तर ‘काकू, वारज्याला आहे’, मग पुन्हा केला तरी वारज्यालाच. पालेभाजी तोवर मान टाकते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की संध्याकाळपर्यंत सावरते. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते त्या आठवड्यात रस्ता बंद, पिशवी नाही. पण ते आधी कळवतात आणि एक आठवडा पुढे वाढवून देतात. एकदा लाल भोपळ्याची फोड आतून नासकी निघाली, फोटो पाठवला, पुढच्या शनिवारी दुप्पट फोड आली. भोपळा एवढा कोण खातं हा प्रश्न वेगळा.

सगळ्यात मोठी उणीव पैशाच्या वहीत आहे. ग्राहकांनी आगाऊ भरलेले पैसे आणि रोजचा खर्च एकाच खात्यात. म्हणजे तुमच्या दहाव्या आठवड्याच्या भाजीचे पैसे पहिल्या आठवड्यात बियाण्याला आणि डिझेलला गेलेले असतात. लबाडी नाही, नड आहे. पण गारपिटीने एक हंगाम गेला तर उरलेले आठवडे कशातून देणार? मी हे मॅनेजरला स्वच्छ सांगितलं. पावती आता छापील, क्रमांक घातलेली मिळते, तेवढी सुधारणा झाली. वेगळं खातं अजून नाही. राखीव निधीचंही बोलले. नोंदणीकृत संस्थेला निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. यांना कायद्याचं बंधन नाही, पण विहिरीला पाणी कमी होईल त्या वर्षी बंधनाची आठवण येईल. ‘काकू, नफा झाला की टाकतो’ म्हणाला. हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं आहे की त्याच्यापुढचं मला पाठ आहे.

खात्यात आम्ही संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग द्यायचो. यांना ‘ब’. आगाऊ रकमेचं खातं वेगळं झालं, तर ‘अ’ द्यायला हरकत नाही. वांग्यांमुळे मी वर्ग कमी करणार नाही.

घरात रोज चारजण जेवत असतील, भाकरी-भाजी होत असेल, तर ही पिशवी आठवड्याला पुरते आणि काही वाया जात नाही. दोघंच असाल तर शेजाऱ्याबरोबर अर्धी अर्धी घ्या. गट अर्धी पिशवी देत नाही, जिन्यात वाटून घ्यावी लागते. नुसतं सॅलड आणि पनीर खाणाऱ्या घरांनी या फंदात पडू नये. नवी नोंदणी दर तिमाहीच्या सुरुवातीला होते. टेम्पोवाल्या मुलाला सांगितलं की तो नाव लिहून घेतो. पैसे देताना पावतीवरचा क्रमांक बघा. आणि ‘नको’च्या रकान्यात काय लिहायचं ते मी कोणाला सुचवत नाही, पण आमच्या जिन्यात बहुतेकांनी शेपू लिहिलं आहे.